यंदाच्या पूजेला कोण बसले

आमचे लग्न मार्चमधल्या एका शुक्रवारी सकाळी सव्वाअकराला ब्रिस्टलच्या रजिस्टर ऑफिसात झाले. वधू दोन. मी आणि माझी बायको.

लंडनच्या पिनर भागातल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीतल्या रविवारी सत्यनारायण असतो. मागच्या गणपतीनंतर लग्न झालेले जोडपे त्या पूजेला बसते. नवी जोडपी दोन असली तर चिठ्ठी टाकतात. मंडळाच्या पहिल्या पूजेला माझे आईबाबा बसले होते. बाबा आता नाहीत. आई हॉस्पिटलातून निवृत्त झाली. प्रसादाचा शिरा अनेक वर्षे तीच करत आली आहे. आम्ही दोघींनी त्या पाटावर बसावे, एवढे एकच तिने लग्नानंतर मागितले. गाठ मारायला मोतिया रंगाचा शेला तिने मे महिन्यातच आणून ठेवला.

यंदा नवे जोडपे एकच होते. जूनमध्ये मी सेक्रेटरी काकांना फोन केला.

"अगं, आम्ही सगळे खूश आहोत तुमच्यासाठी," काका म्हणाले. "माझ्या मुलीने तर तुमचे फोटो लाइक केलेत. फक्त गुरुजींना विचारावं लागेल."

तीन आठवडे उत्तर आले नाही. मी पुन्हा फोन केला.

"गुरुजी तयार नाहीत," काका म्हणाले. "शास्त्राचा प्रश्न आहे. आपण काय बोलणार?"

आमचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार एका सॉफ्टवेअर कंपनीत असतात. मी बातमीदार आहे; आम्ही दुसऱ्याच्या तोंडचा नकार छापत नाही, माणसाला विचारतो. मी त्यांना त्यांच्या लंच ब्रेकमध्ये गाठले.

"मला कुणी विचारलंच नाही," गुरुजी म्हणाले. "संकल्पात एक-दोन शब्द बदलावे लागतील. दहा मिनिटांचं काम. उजवीकडे कोण बसणार, तेवढं ठरवून या."

हे मी काकांना सांगितले.

"तुला तोंडावर नाही म्हणायला संकोचले असतील."

"काका, त्यांनी उजवीकडे कोण बसणार ते विचारलं."

काका म्हणाले, "हे बघ, हॉलमध्ये दोनशे माणसं असतात. इंडियातून कुणाकुणाचे आईवडील आलेले असतात. पुढच्या वर्षी बघू ना."

"पुढच्या वर्षी आम्ही नव्या नसू."

"तू पण ना, शब्दात पकडतेस."

कमिटीचा निर्णय मी लेखी मागितला. चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर एक ओळ आली: यंदा पूजेला अनुभवी जोडपे बसेल. कारण दिलेले नव्हते. ते मी विचारले. मेसेजपुढे दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आले नाही.

बायकोला ओळ वाचून दाखवली. "बरं झालं, दोन तास मांडी घालायची नाही. माझा गुडघा वाचला," ती म्हणाली. मग फोन हातातून घेऊन तिने ती ओळ स्वतः पुन्हा वाचली.

आईने काकांना स्वतः फोन केला. मी समोर बसले होते.

"अहो, तुमच्या मुलाच्या वेळी मी विचारलं होतं का, सून मराठी नाही म्हणून?" पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणे चालले. "ते राहू द्या," आई म्हणाली. "पोरींना का नाही, तेवढं सांगा." तिने आणखी एकदा तेच विचारले आणि फोन ठेवला.

पूजा ठरल्याप्रमाणे रविवारी साडेदहाला शाळेच्या हॉलमध्ये सुरू झाली. पाटावर मंडळाचे अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी बसले; त्यांच्या लग्नाला एकतीस वर्षे झाली आहेत. गुरुजी तेच होते. शिरा केटररकडून आला. आई गेली नाही, आम्हीही गेलो नाही. हे सगळे मला तिथे असलेल्या दोघांनी स्वतंत्रपणे सांगितले.

पुढच्या वर्षीच्या पूजेसाठी लग्न ठरलेल्या एका मुलाने आणि मुलीने नाव दिले आहे. कमिटीने ते त्याच दिवशी मंजूर केले.