मॉरिशसच्या गाठोड्यातली बटणं

जुन्या जालन्यात स्टेशनरोडला आमचे एक शिंपी होते. दातांत कायम दोऱ्याचं टोक. कपडा टाकायला गेलं, की मान वर न करता म्हणायचे, "बुधवारी या." कोणत्या बुधवारी, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

त्या वर्षी चक्रीवादळानं मॉरिशस बेट झोडपून काढलं. तिकडेही मराठी माणसं आहेत, म्हणून आमच्या शाळेनं जुने कपडे जमवले. गाठोड्यांची तोंडं शिवून घ्यायला मी ती या शिंप्यांकडे नेली. त्यांनी पहिलंच गाठोडं उघडलं आणि ते भडकले.

"मास्तर, एका शर्टाला बटन न्हाई, पायजम्याला नाडी न्हाई!"

"जुना कपडा देताना सगळेच काढून घेतात की."

"घर उडून गेलं त्या माणसाचं. आता त्यानं एका हातानं पायजमा धरून लाइनीत उभं राह्यचं का?"

गिऱ्हाइकांचं काम बाजूला सारून त्यांनी बटणं लावायला घेतली. एक निळा शर्ट हातात येताच ते थांबले. कॉलर उलटी करून त्यांनी स्वतःची शिलाई ओळखली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यालाही आपल्याच डब्यातली बटणं लावू लागले.

त्या शर्टाची बटणं आमच्या घरी औषधाच्या रिकाम्या बाटलीत पडून होती. मी तडक घरी गेलो आणि बाटली आणून त्यांच्या मशीनवर ठेवली.

"बाकीचं कधी होईल?" मी हळूच विचारलं.

"आजच. बसा. सुईत दोरा ओवता येतो का?"