सोमवारची मॅच-चौकशी

देवळाली कॅम्पच्या बसमध्ये एक काकू रोज माझ्या शेजारी बसायच्या. त्यांचा मुलगा इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबच्या स्वयंपाकघरात कामाला होता. संघ वरच्या श्रेणीत टिकला नाही, तर त्याची नोकरी जाणार होती. दर सोमवारी पदराने चष्मा पुसत त्या विचारायच्या, "काय झालं हो मॅचचं?" संघ सारखा हरत होता आणि मी आपला त्यांना धीर द्यायचो.

मे महिन्यात संघ खालच्या श्रेणीत गेला. मी चाचरतच सांगितलं.

काकूंनी पदराने चष्मा पुसला. मग हळूच म्हणाल्या, "देवाकडे मी हेच मागत होते. आता तो घरी येईल. पण तिथल्या बाकीच्या पोरांचं काय हो?"