झिलाचं पान

आमची ही गेली चैत्रात. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवला नाही. एरवी मसुऱ्यात कावळ्यांचा नुसता उच्छाद. त्या दिवशी मेले माडावर बसून खाली बघत होते, पण एक उतरेल तर शपथ. आमची एकुलती मुलगी तेव्हा गरोदर. तिच्यात जीव अडकला असेल म्हणून मेहुण्याने हात जोडून सांगितलं, "बाये, चेडवाच्या बाळंतपणाक कायएक कमी पडाचां नाय." जावयाने सांगितलं, तुमची म्हैस विकणार नाही. काही नाही.

मग मी म्हटलं, "तुज्या झिलाचां पान मी ठेवतलंय."

मेहुणा माझ्याकडे बघतच राहिला. "भावजी, तुमका झील खंयचो?"

तरीही कावळा आला नाही. ऊन चढलं. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उरकलं. लोक म्हणाले, असं पण चालतं. मला नाही चाललं. बाई उपाशी गेली, एवढं एकच डोक्यात बसलं ते उठेना.

झील म्हणजे मुलगा. आम्हाला मुलगा नाही. हा झील म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी तिकडे युरोपात मेलेला एक गोरा, संगीत लिहिणारा. त्याचं नाव मास्तर सांगायचे, माझ्या जिभेला ते वळत नाही. हिच्याही वळलं नाही, म्हणून ही त्याला झील म्हणायला लागली.

मास्तर आमचे शेजारी. जन्मभर मुंबईत पाद्र्यांच्या शाळेत फिडल शिकवलं आणि ऐंशी सालानंतर गावात येऊन राहिले. एकटा माणूस. बरोबर रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आणि तबकड्यांची पेटी. ही त्यांना जेवण नेऊन द्यायची आणि तिथेच पडवीत वाटाणे निवडत बसायची. मास्तर तबकडी लावायचे आणि त्या गोऱ्याची गोष्ट सांगायचे. सिंफनी म्हणजे काय, तर आपल्या दशावतारात पेटी, मृदंग, झांज एकत्र वाजतात तसंच, पण वाजवणारे साठ-सत्तर, आणि प्रत्येकाने काय वाजवायचं ते एका माणसाने आधी लिहून ठेवलेलं.

घरी आल्यावर ही मला सांगायची. बुटका होता. चष्मा लावायचा. बाप शाळामास्तर, त्याच्या शाळेत यानेही पोरं हाकली, पण मन रमलं नाही. लग्न नाही, धड घर नाही, आज या मित्राकडे, उद्या त्या मित्राकडे. एक सिंफनी दोन भाग लिहून तशीच ठेवली. तिशी उलटली आणि तापाने गेला.

"आणि सगळ्यात मोठी लिवल्यान ती तेणां कदी आयकूकच नाय," ही म्हणाली. "भावाच्या घरात कागद पडान होते. धा वर्सांनी कोणाक तरी गावले, मगे वाजवली."

"मगे? झाली मां वाजवून?"

"तेका सांगतलो कोण?"

मी म्हटलं, तू जाऊन सांग. मी टिंगल केली आणि हिने ते खरंच मनावर घेतलं. त्या वर्षी पितृपंधरवड्यात, आमच्या म्हाळाला आईवडलांची पानं वाढून झाल्यावर हिने विहिरीच्या कठड्यावर आणखी एक पान ठेवलं. वडे, खीर, काळ्या वाटाण्याचं सांबार, आणि बाजूला वाटीत कॉफी. तिकडे तो दोस्तांबरोबर कॉफीच्या दुकानात बसायचा म्हणून कॉफी.

मी म्हटलं, "गो, तो गोरो. आमच्या कावळ्यांका तेची भाषा कळतली?"

"कावळ्यांका भाषा नाय, भात लागता."

"आणि कॉफी दुदाची? मास्तर म्हणतत, ते लोक काळी पितत."

"म्हणानच मेलो तिशीत. अंगाक काय लागतलां?"

मग पानाला हात जोडून म्हणाली, "बाबा, तुजी मोठी वाजवतत हां. आमच्या मसुऱ्यात पण वाजली." दर वर्षी हेच. कॉफी कावळे सांडून टाकायचे, वडा घेऊन जायचे, आणि मग ही जेवायला बसायची.

शेवटी हिच्या पोटात गाठ झाली. चालवेना तेव्हा मास्तरांनी यंत्र आमच्या ओटीवर आणून ठेवलं. मागून घेतलं असं तिने काहीच नाही. कुठे जीव अडकलाय, ते बोलली असती तर मी केलं असतं.

वर्षश्राद्धालाही तीच गत. तिचं एकटीचं पान ठेवलं ते दुपारपर्यंत तसंच, मुंग्या लागल्या. मुलगी रडली. मी नाही रडलो, ते अन्न गोठ्यात नेऊन म्हशीपुढे टाकलं.

पुढच्या भाद्रपदात अविधवा नवमी आली. सवाष्ण गेलेल्या बायकांचा तो दिवस. ती गेल्यावर यंत्र परत मास्तरांकडे गेलं होतं. आदल्या संध्याकाळी मी तिथे गेलो आणि म्हटलं, ती तुम्हाला कॉफी कशी करून द्यायची ते सांगा आणि ती मोठी सिंफनी लावा. मास्तरांनी पेटीतून तबकडी काढली. लावली. मला त्यातलं काही कळलं नाही, खोटं कशाला बोलू? नुसता गलका वाटला. मग एका जागी सगळे गप्प होतात आणि सनईसारखं काहीतरी एकटंच वाजतं, माणूस पाय टाकत चाललाय तसं. मास्तर म्हणाले, "इथं त्या वाटाणे निवडता निवडता थांबायच्या." मी मान खाली घातली ती तबकडी संपेपर्यंत वर केली नाही.

मी निघताना मास्तर म्हणाले, "कॉफीत जायफळ घालायच्या."

नवमीला मुलीने रांधलं. विहिरीच्या कठड्यावर मी दोन पानं ठेवली, एक तिचं, एक त्याचं. कॉफी मी केली, जायफळ जास्तच पडलं. हात जोडले आणि त्याच्या पानासमोर म्हटलं, "बाबा, तुजी मोठी काल वाजली. सगळी आयकलंय." तिला काय सांगायचं ते सुचलंच नाही.

मागे येऊन पायरीवर बसलो. एक कावळा उतरला. आधी त्याच्या पानावर. वाटी कलंडली, कॉफी कठड्यावरून विहिरीत गेली. त्याने वडा फोडला, इकडे तिकडे बघितलं, आणि मग उडी मारून तिच्या पानावर गेला.

मुलगी आतून ओरडली, "बाबा, शिवलो?"

पाहुण्याआधी ती कधी जेवली नव्हती. उभ्या जन्मात नाही. हे मला नदीवर कळायला हवं होतं.

"शिवलो," मी म्हटलं. "जेवता हा ती. माका पण वाढ."