घरची वीज

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरच्या राळेचा धूर नाकात गेला की मला एकलहऱ्याचं आमचं क्वार्टर आठवतं. ऐंशीच्या आसपास असेल, मी नववीत होते. बंद पडलेल्या रेडिओतला स्पीकर, ट्रान्सफॉर्मर आणि डायोड जोडून मी टेबलावर आवाजाची वीज करून बघत होते. मी स्पीकरपाशी ओरडले की त्याला जोडलेल्या मीटरचा काटा जरासा थरथरायचा. तेवढ्यात वीज केंद्रातली पाळी संपवून वडील आले, टेबलाशी बसले आणि चहा गार म्हणून शिवी देत आईवर कडाडले. काटा थेट पलीकडच्या टोकाला गेला. वडील खूश! त्यांनी शेजाऱ्यांना हाका मारल्या, आईला कणकेच्या हातांनी बाहेर उभं केलं. "बघा आता, आमची घरची वीज!" म्हणाले आणि तिला तीच शिवी पुन्हा हासडली. सगळे हसले. सगळे गेल्यावर आई स्पीकरपाशी वाकून म्हणाली, "माझ्यानं हलतो का गं?" काटा जागचा हलला नाही. आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. वडील अंथरुणावर आहेत, बारीक आवाजात पाणी मागतात. मला ऐकू येतं. मी सावकाश उठते.