पाठ लागली की सिनेमा संपला

मुखवटे घालून कुस्त्या खेळणाऱ्या महाबलींचं एक जपानी कार्टून होतं. त्या मालिकेतून पुढे वेगळे सिनेमेही निघाले होते. ते बहुतेक सगळे आम्ही भावंडांनी पाहिले, पण बरीच वर्षं एकाचाही शेवट आम्हाला ठाऊक नव्हता. ह्याला कारण आमचे बाबा.

बाबा शेतकरी, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख कुस्तीचे पंच म्हणून. अल्लीपूरपासून केळझरपर्यंत कुठेही कुस्त्यांची आमदंगल असली की बाबांना बोलावणं यायचं. दोन पैलवान जमिनीवर गुंतले की इतर पंच वाकून बघायचे. बाबा मात्र सरळ आडवे व्हायचे, मातीला गाल लावायचे आणि खांद्याखालून उजेड दिसतो का ते बघायचे. उजेड दिसला तर कुस्ती चालू. नाही दिसला, म्हणजे पाठ मातीला लागली, की चित. मग पैलवान पाटलाचा असो की आमदाराच्या गटातला, बाबांचा निकाल फिरला असं कधी झालं नाही. आईला त्यांचे सदरे धुवावे लागायचे म्हणून ती कुरकुरायची, पण दंगलीहून आलेला मातकट सदरा वाळत घालताना तो रस्त्यावरून दिसेल असाच घालायची.

आमच्या गावात केबल आली ती दोन हजार सालाच्या आसपास. केबलवाला नागपूरहून सीड्या आणायचा आणि रविवारी दुपारी आपल्या चॅनलवर लावायचा. त्यात हे सिनेमे असायचे. भाषा जपानी, खाली इंग्रजी अक्षरं पळायची, आमच्यापैकी कोणालाच ती पकडता यायची नाहीत. पण अडायचं काय? कोणीतरी दुष्ट आकाशातून उतरायचा, कोणाला तरी पळवून न्यायचा, आणि त्याचा फैसला कुस्तीनेच व्हायचा. एवढं समजायला भाषा लागत नाही. मालिकेत एकच कुस्ती महिनाभर रेंगाळायची. सिनेमात तासाभरात निकाल लागायचा. म्हणून बाबांना मालिका मुळीच आवडायची नाही आणि सिनेमे थोडे तरी पटायचे. ‘कुस्तीचा फैसला त्याच दिवशी लागला पाह्यजे,’ असं ते म्हणायचे.

घोटाळा असा की त्या सिनेमांचा नायक पहिल्या दहा मिनिटांतच दाणकन पाठीवर आपटायचा. झालं. बाबा टीव्हीसमोर आडवे व्हायचे, फरशीला गाल लावून पडद्याकडे तिरपे बघायचे. जणू त्या चित्राच्या खांद्याखालूनही उजेड दिसणार होता.

‘अवो, चित्र हाये थे! त्याले खांदे कोठून आले?’ आई तांदूळ निवडता निवडता म्हणायची.

‘चित झाला,’ बाबा उठून बटण दाबायचे. ‘हरला थो. चाला, उठा, अभ्यास करा.’

शेजारी जाऊन उरलेला सिनेमा बघता आला असता. पण बाबांनी निकाल दिलेली कुस्ती दुसऱ्याच्या घरी जाऊन बघायची म्हणजे बापावर अपील केल्यासारखं. तेवढं आमच्या रक्तात नव्हतं. शाळेत पोरी शेवट सांगायला लागल्या तर मी कानावर हात ठेवायची. ‘आमच्या बाबांच्या हिशोबानं तो हरला,’ असं ठणकावून सांगायची. मी सातवीत होते आणि मला त्याचा भयंकर अभिमान वाटायचा.

दादा माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. तो स्वतः गावच्या आखाड्यात घडलेला. बाबांच्या निकालावर तो एका शब्दाने बोलायचा नाही, पण त्या कार्टूनचा त्याला फार लळा होता. तो नायक पडून उठतो, फुटलेल्या मुखवट्याने लढतो, हे पोरांकडून नुसतं ऐकूनच तो त्याला आपला वाटायचा. उठल्यावर तो काय करतो, हे मात्र त्याने कधीच पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या दंगलीत शेवटची मानाची कुस्ती दादाची लागली, अल्लीपूरच्या एका पैलवानाशी. इनाम पाणी भरायचा पितळेचा मोठा गुंड. मुलाची कुस्ती म्हणून बाबा बाजूला झाले होते, पण अल्लीपूरकरांनीच हात जोडले. ‘तुमीच राहा पंच, भाऊ. तुमच्यावर आमचा भरोसा हाये.’ परक्या गावाने असं म्हणावं, ह्याहून मोठा मान मी आजवर पाहिलेला नाही.

कुस्ती बराच वेळ चालली. शेवटी अल्लीपूरच्याने दादाला खाली घेतलं आणि छातीवर आला. बाबा आडवे झाले, गाल मातीला. सगळं गाव श्वास रोखून उभं. बाबा उठले आणि म्हणाले, ‘चित.’

दादा ओरडला, ‘खांदा वर होता! उजवा खांदा वर होता!’ पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या पंचाला काही दिसलं नव्हतं. गावातली पोरं बाबांच्या अंगावर धावून आली. बाबांनी अल्लीपूरच्या पैलवानाचा हात वर केला, अंगावरची माती झटकली आणि आम्हाला घेऊन घरी आले.

त्यानंतर घरात बाप-लेकाचं बोलणं बंद. दादा जेवायला यायचा तो बाबा जेवून उठल्यावर. गावातले रिकामटेकडे त्याला पेटवत होते, ‘तुह्याच बापानं तुले पाडलं.’ एक दिवस आईला तो म्हणाला, ‘दुसऱ्याचा बाप असता तं शंकेचा फायदा देल्ला असता. मी आता आखाड्यात पाय नाई ठेवत. नागपूरले जातो कामाले.’ त्याने पिशवीसुद्धा भरली. आई रडली. बाबांनी ऐकलं आणि बैलांना चारा टाकायला निघून गेले. मला बाबा खरे वाटत होते आणि दादाने जाऊही नये असं वाटत होतं.

जायच्या आदल्या दिवशी रविवार होता. दुपारी सिनेमा लागला. दादा दारातच बसला, बाबांकडे पाठ करून. नेहमीप्रमाणे दहा मिनिटांत नायक आपटला, दोन्ही खांदे टेकले. लहान पोरालाही समजेल इतका चित. आम्ही बाबांकडे पाहिलं. बाबा जागचे हलले नाहीत.

नायक उठला. पुन्हा पडला. मुखवटा अर्धा फाटला, एक हात लोंबायला लागला, तरी उठला. आईचं सूप मांडीवर तसंच राहिलं. दादा कधी आत सरकून बसला कोणाला कळलं नाही. शेवटी नायकाने समोरच्या राक्षसाला उचलून असं आपटलं की मी किंचाळलेच. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही त्या नायकाला जिंकताना पाहत होतो.

संपल्यावर बाबा म्हणाले, ‘चांगला हाये. लय चांगला हाये. इतक्यांदा पडला, अन् इतक्यांदा उठला.’ मग दादाकडे न बघता हळूच म्हणाले, ‘पन मी पडलोच नाई, असं थो एक बार बी नाई म्हनला.’

दादाचा चेहरा लालबुंद झाला. तो ताडकन उठून अंगणात गेला. मला बाबांचा त्या क्षणी संताप आला. उद्या जाणाऱ्या पोराला आज असं बोलतात का? आई उठायला लागली तर बाबांनी तिला हाताने थांबवलं.

बऱ्याच वेळाने दादा परत आला. बाबांच्या समोर उभा राहिला. गावासमोर हरतानाही त्याची मान खाली गेली नव्हती, ती आताही नव्हती. आणि खोटं सांगायला तो तिथे आलेला नाही, हे मला त्याच्या उभं राहण्यावरूनच कळलं. माझा भाऊ मला इतका मोठा कधी दिसला नाही.

‘पाठ लागलती, बाबा,’ तो म्हणाला. ‘दोन्ही खांदे लागलते. मले तवाच समजलं होतं.’

‘मले मालूम हाये ना रे,’ बाबा म्हणाले. ‘मी खालीच तं होतो, तुह्याजवळ.’