मल्लिनाथला शिकवलेलं इंग्रजी

मी सगळं इंग्रजी एका जुन्या नाटकातून शिकलो आणि तेच दुसऱ्याला शिकवलं. इतकं मी हसत हसत कुणालाही सांगतो. त्यापुढचं — आजवर कुणालाच नाही. बायकोलाही नाही.

पंचाहत्तर सालच्या आसपास सोलापुरात एका खोलीत आम्ही दोघं राहायचो. मी आणि वैराग गावचा मल्लिनाथ. मी कॉलेजात, तो मॅट्रिक होऊन नोकरीच्या शोधात. रद्दीवाल्याकडून मी एक इंग्रजी नाटक आणलं होतं — राजे, कट, खंजीर, सगळं त्यात. घोकून पाठ केलं. मग काय, खोलीत तीच भाषा. दूध नासलं, “अलास!” ढेकूण सापडला, “विलन!” सकाळी टमरेल घेऊन निघताना, “फेअरवेल, माय लॉर्ड.” मल्लिनाथ थक्क. मलाही शिकव म्हणाला. शिकवलं की! दर रविवारी गावाहून येताना तो आईच्या हातची शेंगाचटणी आणायचा, डबा माझ्यापुढं ठेवायचा आणि मला ‘सर’ म्हणायचा. तोवर मला कुणी सर म्हटलं होतं का?

एकदा तासाला उशीर झाला, तेव्हा वर्गाच्या दारात छातीवर हात ठेवून मी प्राध्यापकांची त्याच इंग्रजीत क्षमा मागितली. वर्ग लोटपोट. नंतर त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, की बाळ, हे बोलणं शेकडो वर्षांपूर्वीचं. आज असं बोललास तर लोक वेड्यात काढतील.

मल्लिनाथची मुलाखत तेव्हा आठ दिवसांवर होती. एका कचेरीत कारकुनाची जागा. नोकरीला लागायचं वय संपत आलेलं. ही हुकली तर वैरागला बापाच्या दुकानात बसायचं, हे घरी ठरलेलं.

आठ दिवस — आणि एक वाक्य पुरलं असतं. रोज म्हणायचो, उद्या सांगू. पण सांगितलं की ‘सर’ जाणार, आणि — लिहायची लाज वाटते — चटणीही. त्या सकाळी कचेरीच्या फाटकापर्यंत मी सोबत गेलो. त्याच्या अंगात माझाच शर्ट होता. आत जाताना थांबला.

“सर, ते ‘माय लॉर्ड’ पयल्यांदा म्हणू, का शेवटाला?”

“दोन्ही वेळा,” मी म्हणालो.

अर्ध्या तासात बाहेर आला. साहेब लोक हसले, शेजारच्या खोलीतल्यांना ऐकायला बोलावलं, त्याला पुन्हा बोलायला लावलं — हे सगळं त्यानं जमिनीकडं बघत सांगितलं. मग विचारलं, माझं काय चुकलं? मी काय म्हणालो असेन? म्हणालो, त्यांनाच इंग्रजी येत नाही.

त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी ट्रंक उचलून वैरागला गेला.

तीनेक वर्षांनी एका लग्नाला वैरागला गेलो, तर दुकानातून हाक मारून त्यानं घरी जेवायला नेलं. आज सांगायचंच, असं ठरवून मी ताटावर बसलो. खरंच ठरवलं होतं. तो म्हणाला, तुझ्या वर्गातला एकजण आता माझं गिऱ्हाईक हाय. दारातली तुझी ती गंमत लई रंगवून सांगतो. मग भाकरी मोडता मोडता, आवाज न चढवता —

“मुलाकतीच्या आदीची ना रं ती?”

तेवढ्यात त्याच्या बायकोनं माझ्या ताटात चटणी वाढली. मी मोठा घास घेतला. मान डोलावून ‘वा’ केलं.



“वाढ गं त्याला अजून,” तो बायकोला म्हणाला. “तोंड भरलेलं असलं की ह्याला खरं बोलावं लागत न्हाय.”