सुभद्राआत्याची थंडी

सुभद्राआत्या आंबाजोगाईत राहायची, म्हणून आम्हा भावंडांच्या लेखी तीच मुंबई आन् तेच पुणं. दिवाळी झाली की आमचे आईबाप ऊसतोडीला निघायचे आणि आम्हाला धर्मापुरीहून आणून तिच्या दारात सोडून जायचे. तिला स्वतःचं मूल नव्हतं. तिच्या दोन खोल्यांत थंडीभर आम्ही सात पोरं. बंबाचं कढत पाणी, बेकरीतले टोस्ट, नाताळच्या सुट्टीत एक सिनेमा, आणि परतताना रस्त्यावरचे दिवे बघत मुद्दाम रेंगाळणं. आत्या तोंडानं फाटकी, हातानं सढळ. शिव्या देत देत टोस्टवर साय घालायची.

मोहिनी माझी चुलतबहीण, आत्याची सगळ्यात लाडकी. ती चौदा वर्षांची असताना तिची आई आजारी पडली. ऊसतोडीत कोयता म्हणजे जोडी. एकट्या गड्याला टोळीत कोण घेतो? म्हणून आईच्या जागी मोहिनी बापाबरोबर गेली. "एका सालाचा तर सवाल हाय," काका म्हणाले होते. पौषात तिकडंच, उसाच्या फडात तिला पान लागलं, साप चावला. अग्नीही तिकडंच दिला. कारखाना बंद झाल्यावर काका एकटेच परतले. आत्यानं ना पोरीचं तोंड बघितलं, ना राख. आणि डोळ्यांनी बघितलं नाही ते मानायचं नाही, हा तिचा जन्माचा हेका.

तेव्हापासून तिच्यापुढं मोहिनीला कुणी 'गेली' म्हणायचं नाही. आता ऐंशीला टेकली तरी थंडी पडली की बंब पेटवते. मागं एकदा मी दाराशी उभा होतो, तर आत मोरीपाशी ही कुणाला तरी दटावत होती, "पाणी लई सांडू नगं." घरात दुसरं माणूस नव्हतं. आम्ही वरवर हसतो, जित्याची खोड म्हणतो. पण खोटं कशाला सांगू, त्या मोरीत एकटं जायची मला अजून भीती वाटते.

यंदा येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, तिनं हट्टच धरला की काकांच्या शेतात ने. त्या दिवशी आमच्याकडं रानात कडब्याची खोप करून पूजा करतात, तिथंच जेवतात. पण काका वारल्यावर ते रान विकलं गेलं. तिथं आता ऊस उभा, आणि परमुलखातली टोळी तो तोडत होती. खोप करायला जागाच नव्हती. मग आम्ही बांधावर सतरंजी टाकली आणि भज्जी-भाकरी काढली.

तेवढ्यात डोक्यावर मोळी घेऊन एक पोरगी उसातून बाहेर आली. तोंडाला फडकं बांधलेलं, नुसते डोळे दिसत होते.

"मोहिने," आत्यानं हाक मारली.

पोरगी थबकली.

"कावून थांबलीस? ये की." आत्या उठली आणि तिनं पोरीचं मनगट गच्च धरलं. "किती वाळलीस गं."

"आत्या, सोड तिला," मी म्हणालो. "मुकादम बोलंल."

पोरगी घाबरली नाही. तिनं मोळी खाली टाकली, तोंडावरचं फडकं सोडलं. "आजी, मी करिष्मा हाय. आईला बरं न्हाई, म्हणून मी आलेय तोडीला."

आत्या तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मनगट मात्र सोडलं नाही.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "मोहिनी मेली. तू जेव."